चौथा सड वासराचा

आयुष्यात मला धक्के कमी बसलेत असं नाही. पण माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्यापाशी उभं राहून एका परक्या बाईने माझं दुधाचं पातेलं नाकाशी नेलं, "रिजेक्ट" म्हणाली आणि सगळं दूध सिंकमध्ये ओतलं, तेव्हा मी जी हबकले, तशी त्याआधी कधी हबकले नव्हते. तोंडातून शब्द फुटेना. आणि मला जे ओळखतात त्यांना ठाऊक आहे, माझ्या तोंडातून शब्द न फुटणं ही काही रोजची गोष्ट नाही.

बाई तळमजल्यावर नव्याने राहायला आलेली. साठी ओलांडलेली, उंच, खांद्याला शबनम, पायात पुरुषी सँडल. पातेलं विसळून, पालथं घालून म्हणाली, परवाचं दूध आहे, तापवून तापवून जीव घेतलास त्याचा, संध्याकाळी खाली ये, मीटिंग आहे. आणि गेली. मी तरातरा नवऱ्याकडे गेले, म्हटलं ही कोण टिकोजीराव लागून गेली, आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचार. तर तो म्हणतो, "अगं, चहाला वास येतो हे मी तुला कधीचं सांगतोय." नवऱ्यांचं हे असं असतं. संध्याकाळी मी भांडायला म्हणून खाली गेले आणि वर आले ती त्यांच्या दूध मंडळाची ग्रुप ॲडमिन होऊन. हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही, पाण्याची बोंब, पण माणसं बरी. दूध मंडळ आता मीच बघते. सुरू केलं तळमजल्यावरच्या त्याच बाईंनी, म्हणजे मावशींनी, आणि सोडलंही त्यांनीच. सगळे त्यांना दूधमावशी म्हणायचे. खरं नाव मी सांगत नाही, सांगितलं तरी सोसायटीत निम्म्या लोकांना ते कुणाचं हे कळायचं नाही.

मावशींची अख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला गेली. काहीतरी बारीक पार्ट बनायचे, ते तपासायचे आणि बरे नसले तर लाल डब्यात टाकायचे. रिटायर झाल्या, पण डबा काही सुटला नाही. भाजीवाल्याची कोथिंबीर रिजेक्ट, सोसायटीचा नवीन रंग रिजेक्ट, माझ्या भाचीला सांगून आलेलं स्थळ, फक्त फोटो बघून, रिजेक्ट. ते लग्न झालं नाही आणि पुढे त्या मुलाबद्दल जे कानावर आलं, त्यानंतर माझी बहीण मावशींना वाकून नमस्कार करते.

मंडळाची कल्पना तशी साधी. पिशवीचं दूध बंद करायचं, सोसायटीतल्या घरांनी मिळून एक चांगला गोठा धरायचा, रोज सकाळी तिथून टेंपोने किटल्या आणायच्या आणि खाली पार्किंगमध्ये वाटायच्या. साधी म्हणजे मला वाटली. मावशींनी मला बरोबर घेऊन जे गोठे बघायला सुरुवात केली, त्यात माझे रविवारच्या रविवार गेले. एक गोठा शीळफाट्याच्या पलीकडे होता, तो त्यांनी गाडीतून न उतरताच रिजेक्ट केला. म्हणाल्या, इथल्या ट्रॅफिकमध्ये दूध अडकलं तर डोंबिवलीला दही पोचेल. दुसरा बदलापूरच्या बाजूला, एकदम झकास. फरशी चकचकीत, गाईंना पंखे, वर स्पीकरवर भजनं. मालकाने चहा दिला, ब्रोशर दिलं. मी तर मनातल्या मनात ऑर्डर देऊन मोकळी झालेले. मावशींनी विचारलं, "वासरं कुठं आहेत?"

तो अगदी सहज म्हणाला, वासरं आम्ही ठेवत नाही मॅडम, परवडत नाहीत.

मावशी अर्धा कप तसाच ठेवून उठल्या. मी मागून धावत गेले. रिक्षात मला राहवलं नाही, विचारलं, ठेवत नाहीत म्हणजे नेमकं काय करतात? मावशींनी सांगितलं. सगळं, काही न गाळता. मी चाळीस ओलांडलेली बाई, जन्मभर दूध प्यालेली, आणि वासराचं काय होतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्या दिवशी रात्री मी चहा बिनदुधाचा प्यायले. दुसऱ्या दिवशी मात्र घेतला, खोटं कशाला बोलू.

शेवटी सुमन नावाच्या एकीचा गोठा मिळाला तो कल्याणच्या पुढे, मुरबाड रोडवरून आत गेलं की एक गाव आहे तिथे. पत्र्याचं छप्पर, चार गाई, ना पंखा ना भजन. आम्ही गेलो तेव्हा ती धार काढत होती. पंचविशीतली पोर, साडीचा काष्टा खोचलेला. आम्ही आलेलो दिसलं तरी उठली नाही. तीन सड पिळून झाले, मग तिने वासरू सोडलं, ते चौथ्या सडाला लागलं, ढुशा मारमारून प्यायलं, आणि ते बाजूला झाल्यावर हिने हात पुसून विचारलं, कोन पायजे? मावशींनी मला कोपराने ढोसलं. "पास," म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

तिथेच मंडळाचा नियम ठरला. तीन सड आपले, चौथा वासराचा. दूध कमी आलं तरी चालेल, महाग पडलं तरी चालेल, चौथ्याला हात लावायचा नाही. आणि मंडळात यायचं तर आधी मावशींना मुलाखत द्यायची.

हो, मुलाखत. पार्किंगमधल्या बाकावर बसून. दूध घेणाऱ्यांची. दूध नासलं तर काय करता, पातेलं कशाने घासता, साय कोण खातं. आमचे सेक्रेटरी मोठ्या ऐटीत आले आणि त्यांनीच उलटं विचारलं, फॅट किती, आणि बल्कमध्ये डिस्काउंट काय. रिजेक्ट. भर पार्किंगमध्ये, सोसायटीच्या सेक्रेटरीला. मला वाटलं आता मंडळ गुंडाळलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने येऊन मुलाखत दिली आणि त्या पास झाल्या. मावशींनी सेक्रेटरींना बजावलं, दूध वहिनींच्या नावावर येईल, तुम्ही पाहुणे म्हणून प्या. ते बिचारे आजतागायत पाहुणे म्हणून पितात.

किटली गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून परत द्यायची हा आणखी एक नियम. तिसऱ्या मजल्यावर कांबळे वहिनींच्या नातीचं बारसं होतं. हॉल भरलेला, पाळणा सजवलेला, नाव कानात सांगायची वेळ. मावशी आत आल्या, पाळण्यापाशी गेल्या, बाळाच्या हातात चांदीचं वळं घातलं, आणि मग शबनममधून वहिनींचीच किटली काढून त्यांच्या नाकाखाली धरली. "वास घे." मी भिंतीशी उभी होते, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि किटली तर माझी नव्हतीसुद्धा. कांबळे वहिनींनी वास घेतला. म्हणाल्या, सॉरी मावशी, गडबडीत राहिली. मावशींनी किटली स्वतःच्या पदराने पुसली, बसल्या आणि दोनदा मागून पुलाव खाल्ला. मनात काही ठेवत नसत. समोरच्याच्या मनात काय राहतं याचा विचारही करत नसत.

त्यांच्या घरी मात्र मी फार वेळा गेले नाही. जावंसं वाटायचं नाही. काका, म्हणजे त्यांचे यजमान, खिडकीशी खुर्चीत बसून असत. माणूस बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला, मूळचा वाईकडच्या शेतकरी घरातला. पण सगळं विसरलेले. मावशी कोण हेही विसरलेले. पुढे पुढे बोलणं थांबलं, मग खाणंही थांबत आलं. घास तोंडापाशी नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मावशी तासन्‌तास वाटी घेऊन समोर बसायच्या. ही सगळ्या जगाला रिजेक्ट करणारी बाई तिथे एका शब्दाने चिडायची नाही. मी एकदा म्हटलं, मावशी, बाई ठेवा एखादी. तर म्हणाल्या, ठेवली होती, घाई करायची, रिजेक्ट.

आता सुमनबद्दल एक सांगायला हवं. तिच्या चारही गाई विकत आणलेल्या, आणि त्यांना होत होते ते सगळे गोऱ्हे. तिला हवी होती कालवड. आपल्या गोठ्यात जन्मलेली, आपल्या हाताखाली वाढलेली, उद्या आपली गाय होईल अशी. नवरा कंपनीत कंत्राटी, आज काम तर उद्या नाही. एक घरची गाय उभी राहिली की मला कुनाच्या तोंडाकडे बघाया नको, असं ती म्हणायची. चांदी नावाची गाय गाभण राहिली तेव्हापासून तिने आणि मावशींनी मिळून काय काय केलं, विचारू नका. मावशी घरचे डोहाळे असल्यासारख्या दर आठवड्याला गूळ आणि सरकी घेऊन जायच्या. सुमनला त्यांनी शब्द दिला होता, कालवड होऊ दे, तिच्या वाट्याचं दूध तिच्याच पोटात जाईल, ते माझ्याकडे लागलं.

आणि कालवडच झाली. कपाळावर पांढरा टिळा. सुमनने फोटो पाठवला आणि आमच्या ग्रुपवर नुसती दिवाळी. बदाम काय, नाचणाऱ्या बाया काय. तेवढ्यात मावशींचा व्हॉइस मेसेज आला. अजून माझ्या फोनमध्ये आहे. "चांदी व्यालीय. आता जो येईल तो चीक. तो पहिला वासराचा. उरला तर सुमनच्या घरचा. खरवसासाठी चीक कुणीही मागायचा नाही, एक थेंबसुद्धा नाही." सगळ्यांनी अंगठे टाकले. मला खरवसाचा वास सहन होत नाही, तेव्हा मला काही जड गेलं नाही.

कालवड आठवडाभरसुद्धा जगली नाही.

सुमनचा फोन मला आला. मावशींना न करता मला केला याचं मला नवल वाटलं, पण तेव्हा विचार करायला डोकं ठिकाणावर कुठे होतं. मी आणि मावशी रिक्षा करून गेलो. कालवड पोत्यावर पडलेली, माश्या बसत होत्या. हगवण लागली आणि उभीच राहिली नाही. तालुक्याचा डॉक्टर येऊन गेलेला, तो सांगून गेला होता की हिला चीक पुरेसा मिळालेला नाही, अंगात ताकदच आली नाही. मी सुमनवर ओरडले. म्हटलं, गाय तुझी, वासरू तुझं, चीक गेला कुठं?

सुमन खाली बघून बोलत होती. म्हणाली, तुमच्यातल्या लोकांचे फोन आले. एकेकाचे, गुपचूप. कुनी म्हनलं सून बाळंत झालीय, कुनी म्हनलं आईला दात नाहीत, तिला खरवस खावासा वाटतोय. कुनी जास्त नाय मागितला, सगळ्यांनी एकेक वाटी मागितली. टेंपोवाल्याच्या हाती सगळ्यांच्या वाट्या लावून दिल्या. मग मी म्हटलं, तू नाही म्हणायचंस ना. तिने पहिल्यांदा वर बघितलं. "चिकाला नाय म्हनत नाय, ताई. मागाया आलेल्याला परत लावला तर गाय आटते."

हे मलाही माहीत होतं. माझी आजी गाय व्याली की सगळ्या आळीत चीक वाटायची, आणि चिकाचं भांडं कुणी रिकामं परत पाठवायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कोकणातलं, कुणी घाटावरचं, सगळ्यांच्या गावी हेच. चीक विकत घेत नाहीत, मागून घेतात, आणि मागितला की मिळतो. फरक एवढाच की गावाला मागणारी चार घरं असतात, ती समोर दिसतात. इथे चाळीस घरं, आणि प्रत्येकाला वाटलं मागणारा मी एकटाच. वाट्यांमध्ये साखर घालूनही पाठवली होती लोकांनी. सुमनच्या ओट्यावर वाट्यांची रांग होती, प्रत्येकीत चिमूटभर साखर.

मावशी या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. सुमनही त्यांच्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, बिचारी घाबरली असेल, आता मावशी काय करतील म्हणून. कुणी कुणी मागितला ते सांग, मी विचारलं. सुमनने नावं सांगितली नाहीत. मान हलवत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मावशींनी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग लावली. मंडळातलं झाडून प्रत्येक घर आलं. कालवड गेल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं, का गेली ते मी कुणाला बोलले नव्हते, मावशींनीच मना केलेलं. त्या टेंपोतून उतरल्या. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, लेकरू घ्यावं तसं छातीशी धरलेलं. टेबलावर ठेवलं. चादर काढली.

कालवड होती. म्हणजे तिचं कातडं, मीठ लावून वाळवलेलं, आत पेंढा भरलेला, पोटाला सुतळीची शिवण. कपाळावरचा पांढरा टिळा तसाच. पाय ताठ, डोळ्यांच्या जागी काही नाही. कोणीतरी मागे किंचाळलं. एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. माझी नजर हटेना. सेक्रेटरी उभे राहून म्हणाले, हे काय चाललंय, लहान मुलं आहेत सोसायटीत, हे आधी बाहेर न्या.

मावशी शांतपणे म्हणाल्या, नेणारच आहे, संध्याकाळच्या धारेच्या आत परत पोचवायचंय. मग त्यांनी सांगितलं. वासरू गेल्यापासून चांदी पान्हा सोडत नव्हती. हंबरायची, दावं तोडायला बघायची, दूध द्यायची नाही. शेवटी सुमनच्या सासूने हे केलं, जुन्या लोकांना येतं. आता रोज दोन वेळा हे तिच्यासमोर ठेवतात. ती वास घेते, चाटते. मग पान्हा सोडते.

"गेले तीन दिवस आपल्याकडे जे दूध येतंय ते असं येतंय," मावशी म्हणाल्या.

मी त्या सकाळीच चहा प्यालेले, दोन कप.

"चीक कुणी कुणी मागितला, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. माणसं टेबलाकडे बघायला नको म्हणून एकमेकांच्या चपलांकडे बघत होती. मला असा राग आला म्हणून सांगू. म्हटलं, काय लोक आहेत, समोर ते लेकरू ठेवलंय आणि हात वर होत नाही. आता मावशी एकेकाला उभं करून सोलणार, आणि सोलावंच, असं मला वाटलं. मी वाट बघत होते.

मावशींनी स्वतःचा हात वर केला.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, हात कसा वर करायचा ते दाखवतायत. पण हात खाली येईना. कोपरापासून सरळ, शाळेत मुलं करतात तसा. मग माझ्या डोक्यात लख्ख झालं, सुमनने फोन मला का केला ते, आणि ती मावशींच्या नजरेला नजर का देत नव्हती ते. माझा विश्वास बसेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्या टेबलाकडे बघत होत्या.

मग कांबळे वहिनींचा हात वर गेला. त्यांच्या मागे दुसरा. मग पटापट, इकडून, तिकडून. सेक्रेटरींच्या बायकोचा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा हातही वर गेला, म्हणून मी वळून बघितलं तर माझा नवरा. आईला ठाण्याला नेऊन दिला, एकच वाटी, असं पुटपुटला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. ऑफिसभर हात आणि मध्ये ती कालवड.

"एकच वाटी," मावशी म्हणाल्या. "मीपण एकच म्हटलं होतं." हात अजून वरच होता. कुणी विचारलं नव्हतं, पण त्या सांगत होत्या, कारखान्यात पार्ट का फेकला ते सांगावं तशा आवाजात. "मी तुम्हाला मेसेज बोलत होते, चीक कुणी मागायचा नाही म्हणून. हे शेजारी बसलेले. मेसेज संपला आणि हे म्हणाले, चीक. वर्षभरात यांच्या तोंडून शब्द नव्हता. मी फोन ठेवला नाही, तोच सुमनला लावला. दुसऱ्या दिवशी खरवस केला. चमचा तोंडापाशी नेला तर ओठ मिटून घेतले, नेहमीसारखे. मला वाटलं, संपलं. तर माझ्याकडे बघून विचारलं, वासरू प्यालं का?"

मावशींनी हात खाली घेतला आणि चादरीचं टोक कालवडीच्या पाठीवर ओढलं.

"मी म्हटलं, हो, पोटभर प्यालं. मग त्यांनी तोंड उघडलं."